शाळेतील जुन्या सामानाचा ऑनलाइन लिलाव: काय विकता येते आणि काय नाही

तासगाव तालुक्यातील एका अनुदानित माध्यमिक विद्यालयाच्या मुख्याध्यापकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. शाळेच्या जुन्या इमारतीत साठेक लाकडी बाके, वीस जुने संगणक, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, पाडलेल्या शेडचे पत्रे आणि अँगल, प्रयोगशाळेतील कपाटभर रसायने व प्राण्यांचे नमुने, दोन कपाटे जुनी कागदपत्रे आणि २००९ साली घेतलेली, आता बंद असलेली स्कूल बस असा पसारा पडून आहे. संस्थेच्या एका विश्वस्तांचे म्हणणे असे की, गावातल्या भंगारवाल्यांना बोलावण्यापेक्षा हे सगळे ऑनलाइन लावावे. भावही बरा येईल आणि कोणाला बोट दाखवायला जागाही राहणार नाही. मुख्याध्यापकांना हवे आहे ते एवढेच, की शाळेने ऑनलाइन लिलावात काय विकावे आणि काय विकू नये याचा नियम नेमका कोणता.

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील शिक्षणसंस्थांचे हिशेब तपासण्याचे आणि त्यांना त्याबाबत सल्ला देण्याचे काम मी करतो. जुन्या सामानाच्या विक्रीवर निघालेले जे लेखापरीक्षण आक्षेप माझ्या पाहण्यात आले, त्यांतले बहुतेक भाव कमी आला म्हणून निघालेले नाहीत. जी वस्तू विकण्याचा अधिकारच शाळेला नव्हता ती विकली, किंवा अधिकार असूनही तो कोणत्या ठरावाने वापरला हे कागदावर दिसले नाही, म्हणून ते निघालेले आहेत. त्यामुळे विश्वस्तांच्या सूचनेतला चांगला हेतू मान्य करूनही मला आधी हे सांगावे लागते की, ऑनलाइन ही केवळ विक्रीची रीत आहे. ती पारदर्शक असली तरी तिच्यामुळे विक्रीचा अधिकार निर्माण होत नाही. शंभर जणांनी उघडपणे बोली लावली तरी जी वस्तू शाळेची नाही, ती त्या बोलीने शाळेची होत नाही.

म्हणून पहिला प्रश्न शाळा कोणत्या प्रकारची आहे हा, आणि दुसरा प्रश्न प्रत्येक वस्तू कोणत्या पैशातून आली हा. या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की उरलेले काम अवघड नसते.

जिल्हा परिषदेच्या शाळेत वस्तू जिल्हा परिषदेच्या मालकीची असते. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती तिचे राखणदार असतात, मालक नव्हेत. त्यामुळे समितीचा ठराव ही प्रस्तावाची सुरुवात असते, मंजुरी नसते. प्रस्ताव केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी यांच्यामार्फत वर जातो, आणि धोकादायक वर्गखोली पाडायची असेल तर बांधकाम विभागाच्या अभियंत्याने केलेली पाहणी आणि ठरवलेली हातची किंमत (जिच्याखाली बोली स्वीकारायची नाही ती किमान किंमत) त्याला जोडावी लागते. साताऱ्याची सैनिक शाळा किंवा पलूसचे नवोदय विद्यालय यांसारख्या केंद्राच्या छत्राखालील संस्थांना केंद्र सरकारचे २०१७ चे सामान्य वित्तीय नियम लागू पडतात. त्यांत निरुपयोगी वस्तूंच्या विल्हेवाटीची रीत नीट लिहिलेली आहे: अंदाजित किंमत २ लाख रुपयांपेक्षा अधिक असेल तर जाहिरात देऊन निविदा किंवा जाहीर लिलाव करायचा, आणि त्याहून कमी असेल तर रीत सक्षम अधिकाऱ्याने ठरवायची. पूर्णपणे विनाअनुदानित शाळेत बहुतेक वस्तू संस्थेच्या स्वतःच्या पैशातल्या असतात, आणि तिथे कार्यकारी मंडळाचा ठराव मुख्य ठरतो.

तुमची शाळा या सर्वांच्या मधली आहे, आणि गुंता तिथेच असतो. अनुदानित शाळेच्या एकाच खोलीत संस्थेने घेतलेले कपाट, वेतनेतर अनुदानातून घेतलेले टेबल, आमदार निधीतून मिळालेला संगणक आणि माजी विद्यार्थ्यांनी दिलेला पंखा शेजारी शेजारी असतात. दिसायला सगळे सारखेच, पण कायद्याच्या नजरेत त्यांचे चार वेगवेगळे धनी. म्हणून सामानाचे फोटो काढून ते कुठे तरी चढवण्याआधी डेडस्टॉक रजिस्टर (टिकाऊ सामानाची नोंदवही) उघडावे आणि प्रत्येक वस्तूसमोर तीन गोष्टी लिहाव्यात: खरेदीचे वर्ष, पावती किंवा पुरवठा आदेशाचा क्रमांक, आणि पैशाचा स्रोत. जुन्या रजिस्टरांत स्रोताचा रकाना बहुधा कोराच असतो. तो त्या वर्षीच्या कीर्द आणि लेखापरीक्षण अहवालावरून भरता येतो. काम कंटाळवाणे आहे, पण एका लिपिकाने चिकाटीने केले तर होण्यासारखे आहे. ज्या वस्तूचा स्रोत कशावरूनही सापडत नाही तिची वेगळी यादी करावी आणि ती यादी शिक्षणाधिकारी कार्यालयाला लेखी कळवून मगच तिला हात लावावा. स्रोत माहीत नाही म्हणून ती संस्थेची धरून चालू नये.

आता तुमच्या यादीकडे वळू. लाकडी बाके संस्थेच्या किंवा शाळेच्या पैशातली असतील तर ती विकता येतात, मात्र विकण्यापूर्वी ती दुरुस्त होऊ शकतात का आणि संस्थेच्याच दुसऱ्या शाखेला हवी आहेत का, हे विचारल्याची नोंद असावी. जुन्या सागवानी बाकाच्या फळ्या अनेकदा शाबूत असतात आणि नवे बाक घेण्यापेक्षा सुताराची मजुरी स्वस्त पडते. शाखा-शाखांमध्ये वस्तू देणे ही विक्री नसून हस्तांतरण आहे. एका रजिस्टरातून वजा, दुसऱ्यात जमा, आणि दोन्हीकडे मुख्याध्यापकांच्या सह्या, एवढ्यावर ते पूर्ण होते. शेडचे पत्रे आणि अँगल यांच्या बाबतीत मात्र आधी हे पाहावे की, ते शेड सार्वजनिक न्यासाच्या नोंदीत स्थावर मालमत्ता म्हणून दाखवलेले होते का. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याच्या कलम ३६ नुसार न्यासाची स्थावर मालमत्ता विकायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. पाडून सुटे झालेले पत्रे जंगम झाले हे खरे, पण पाडण्याचा निर्णय कोणी, कोणत्या सभेत आणि कोणत्या कारणाने घेतला याचा ठराव नसेल तर पुढचा सगळा व्यवहार लंगडा राहतो. नोंदीत शेड दाखवलेले असेल तर बदल अर्जही कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत द्यावा लागतो.

वीस संगणकांना मी एक गठ्ठा मानणार नाही. राज्यातील अनेक शासकीय आणि अनुदानित शाळांत केंद्रपुरस्कृत आयसीटी योजनेखालील संगणक कक्ष ‘बूट’ पद्धतीने, म्हणजे कंपनीने उभारायचे, चालवायचे आणि करार संपल्यावर शाळेकडे सोपवायचे, अशा रीतीने आले. त्यात करार संपला एवढे पुरेसे नाही. हस्तांतरणाचा सही-शिक्क्याचा कागद असल्याशिवाय ते यंत्र शाळेचे झाले असे म्हणता येत नाही, आणि कंपनीची माणसे यायची थांबली म्हणजे हस्तांतरण झाले, असा बऱ्याच ठिकाणी समज असतो, तो चुकीचा आहे. आमदार किंवा खासदार निधीतील संगणक असतील तर मंजुरीचे पत्र शोधून जिल्हा नियोजन कार्यालयाला लेखी विचारावे. अटल टिंकरिंग लॅबसारख्या केंद्रीय अनुदानातून घेतलेली थ्रीडी प्रिंटरसारखी उपकरणे, ती कितीही जुनी झाली असली तरी, अनुदान देणाऱ्याच्या पूर्वसंमतीवाचून विकायची नसतात. केंद्राच्या अनुदानाची ही सर्वसाधारण अट आहे आणि उपयोगिता प्रमाणपत्रावर मुख्याध्यापकांची सही झालेली असते, त्यामुळे नंतर माहीत नव्हते असे म्हणता येत नाही.

मालकीचा प्रश्न सुटला की संगणकाच्या प्रकृतीचा प्रश्न येतो. चालू असलेला जुना संगणक ही जुनी वस्तू आहे आणि ती विकता येते. बंद पडलेला मॉनिटर आणि मदरबोर्ड हा मात्र ई-कचरा आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार वर्षात १,००० किंवा अधिक विद्युत-इलेक्ट्रॉनिक उपकरणे वापरणारी संस्था मोठी ग्राहक ठरते, आणि तिने आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्ती करणारे किंवा पुनर्चक्रणकर्ते यांनाच द्यायचा असतो. तुमची एक शाळा या आकड्यात बसणार नाही. पण संस्थेच्या शाखा आणि महाविद्यालये मिळून आकडा किती होतो हे मोजावे, कारण नियमात शब्द शाळा नसून संस्था या अर्थाचा आहे. आकड्यात न बसणाऱ्या शाळांनाही माझा सल्ला तोच असतो. जुन्या पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसे असते, आणि तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळणाऱ्याच्या हाती त्या गेल्या तर धूर कोणत्या तरी वस्तीवरच जातो. लिलावाच्या अटीत ‘बोलीदाराकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नोंदणीचे प्रमाणपत्र असावे’ एवढे एक वाक्य घातले की निम्मी काळजी मिटते. भाव त्यामुळे थोडा उतरतो, हे मान्य करावे लागेल. बॅटऱ्यांनाही २०२२ चे स्वतंत्र नियम आहेत. नवी बॅटरी घेताना जुनी त्याच विक्रेत्याला देऊन बिलात वजावट घेणे हा त्यांतला सर्वांत सरळ मार्ग, आणि त्यासाठी लिलावाची गरज नसते.

हार्ड डिस्कबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगतो. ती लिलावात देऊ नये. तिच्यात विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक, पालकांचे दूरध्वनी आणि कधी कधी शिष्यवृत्तीची बँक खाती असतात, आणि फाइल पुसली म्हणजे माहिती गेली असे होत नाही. डिस्क काढून घ्यावी, तिला ड्रिल मशीनने आरपार भोके पाडावीत आणि तसा पंचनामा करून त्यावर संगणक शिक्षकांची सही घ्यावी. लिलावाच्या यादीत ‘हार्ड डिस्कविरहित’ असे स्पष्ट लिहावे.

प्रयोगशाळेचे कपाट हा या यादीतला सर्वांत नाजूक भाग आहे, आणि त्यावर जास्त वेळ घालवण्यासारखे आहे. सूक्ष्मदर्शक, तराजू, स्टँड, काचसामान हे निर्लेखनानंतर, म्हणजे वस्तू निरुपयोगी ठरवून नोंदवहीतून रीतसर कमी केल्यावर, विकता येते. रसायने विकू नयेत. तीव्र आम्ले आणि विषारी क्षार यांच्या विक्रीला विषद्रव्य कायद्याखालील परवाना लागतो आणि तो शाळेकडे नसतो. त्यातून लेबल निघून गेलेल्या बाटलीत काय आहे हे कोणालाच सांगता येत नाही. अशी रसायने जवळच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्र विभागाच्या मदतीने ओळखून घ्यावीत, त्यांची यादी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या स्थानिक कार्यालयाला द्यावी आणि ते सांगतील त्या अधिकृत ठिकाणी पाठवावीत. मोरीत ओतणे हा उपाय नव्हे. फुटलेल्या थर्मामीटरमधला पारा तर बंद काचेच्या बाटलीतच ठेवावा.

त्याच कपाटात बरेचदा पेंढा भरलेले मुंगूस, फॉर्मॅलिनमधला साप, हरणाची शिंगे किंवा कवड्या-शंख मिळतात. पन्नास-साठ वर्षांपूर्वी हौशी शिक्षकांनी गोळा केलेले हे नमुने पाहून एखाद्याला वाटते की, ऑनलाइन संग्राहक याला चांगले पैसे देईल. असे काही करू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित प्राण्यांचे अवशेष विकता येत नाहीत. मालकीचे प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीलाही कलम ४३ ते विकण्याची किंवा विक्रीसाठी देऊ करण्याची मनाई करते. ‘देऊ करणे’ हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत, कारण संकेतस्थळावर फोटोसह टाकलेली जाहिरात म्हणजे नेमके तेच, आणि तो पुरावा स्वतःच्या हाताने तयार केलेला असतो. अशा नमुन्यांची माहिती वनविभागाला लेखी द्यावी आणि त्यांच्या सूचनेप्रमाणे करावे. जुन्या शाळांत कधी कधी खरा मानवी सांगाडाही असतो. तोही विकायचा नाही. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाला पत्र लिहून विचारणे हा सभ्य आणि सुरक्षित मार्ग आहे.

ग्रंथालयातील पुस्तकांविषयी तुम्ही विचारले नाही, पण तीही लवकरच पुढे येतील. विद्यार्थ्यांसाठी आलेली मोफत पाठ्यपुस्तके विक्रीची वस्तू नव्हेत. जुने संच परत घेऊन पुढच्या वर्गाला वापरायला देता येतात. इतर पुस्तके रीतसर बाद करून विकता येतात. मात्र पोथ्या, हस्तलिखिते, जुनी नाणी किंवा शस्त्रे सापडली तर थांबावे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात १०० वर्षांहून जुन्या वस्तूंना आणि विशिष्ट मोलाच्या ७५ वर्षांहून जुन्या हस्तलिखितांना संरक्षण आहे आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. ऑनलाइन खरेदीदार कुठे बसला आहे हे विकणाऱ्याला कळतेच असे नाही. साताऱ्यासारख्या जुन्या राजधानीच्या जिल्ह्यात हे उदाहरण काल्पनिक नाही.

दोन कपाटे कागदपत्रे रद्दीत देण्यापूर्वी त्यातून जनरल रजिस्टर, शाळा सोडल्याच्या दाखल्यांची स्थळप्रत, निकालपत्रके, सेवापुस्तके आणि अनुदानाच्या फाइली बाजूला काढाव्यात. जनरल रजिस्टर कायमचे जपायचे असते, आणि जातीच्या पडताळणीसाठी लोक आजोबांच्या नोंदी शोधत शाळेत येतात हे तुम्हाला मी सांगायला नको. ज्यांची जपणुकीची मुदत संपली आहे ते कागदही सुटे देऊ नयेत. फाडून, लगदा करण्यासाठी, ठराव करून द्यावेत. कोरे दाखले, कोऱ्या पावती पुस्तिका आणि जुने शिक्के तर मुळीच देऊ नयेत, ते समितीसमोर नष्ट करावेत. कोऱ्या दाखल्याचे एक पुस्तक बाहेर गेले तर त्याची झळ लिलावाच्या रकमेच्या कितीतरी पट बसते.

राहिली बस. तुमची संस्था खासगी असल्याने सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या १५ वर्षे पूर्ण झालेल्या वाहनांची नोंदणी रद्द होण्याचा, १ एप्रिल २०२३ पासूनचा नियम तिला त्याच रूपात लागू होत नाही. तरीही सांगली परिवहन कार्यालयात थकीत कर, शालेय बसचा परवाना आणि बँकेचा बोजा हे तिन्ही निकाली काढल्याशिवाय ती लिलावाला लावू नये. गाडी विकून नोंदणी संस्थेच्याच नावावर राहिली, तर उद्या ती रस्त्यावर कोणाला धडकल्यास नोटीस संस्थेच्या पत्त्यावर येते. गाडी भंगारातच काढायची असेल तर ती नोंदणीकृत वाहन मोडणी केंद्राला द्यावी आणि प्रमाणपत्र घ्यावे. चालवण्यासाठी विकायची असेल तर पिवळा रंग आणि शाळेचे नाव काढण्याची जबाबदारी कोणाची हे अटीत लिहावे.

येथवरचे थोडक्यात असे. विक्रीयोग्य म्हणून हातात बाके, पत्रे-अँगल, चालू संगणक, काचसामान आणि कागद पूर्ण झाल्यास बस एवढेच राहते. बंद संगणक अटीवर, बॅटऱ्या अदलाबदलीत, आणि रसायने, प्राण्यांचे नमुने, हार्ड डिस्क, दाखले व शिक्के हे लिलावाच्या बाहेर.

निर्लेखनाची समिती नेमताना मुख्याध्यापक, शाळा समितीचा एक सदस्य, एक शिक्षक आणि एक बाहेरचा जाणकार घ्यावा. जवळच्या आयटीआयमधील निदेशक लाकूड आणि लोखंड यांची किंमत बहुधा बरोबर सांगतात आणि त्यांचा या व्यवहारात हितसंबंध नसतो. वस्तू का निरुपयोगी झाली याचे कारण प्रत्येक ओळीसमोर लिहावे. ‘जुनी झाली’ हे कारण नव्हे. ‘वाळवीमुळे पाय पोखरले, दुरुस्तीचा खर्च नव्या वस्तूच्या किमतीहून अधिक’ हे कारण होते. निष्काळजीपणाने खराब झालेली वस्तू असेल तर आधी जबाबदारी ठरवावी लागते, निर्लेखन नंतर. कृष्णाकाठच्या शाळांना २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर हा फरक नीट कळला: पुरात भिजलेल्या सामानाचा तलाठ्यांसह त्याच वेळी झालेला पंचनामा ज्यांच्याकडे होता, त्यांचे निर्लेखन बिनबोभाट झाले, ज्यांनी चिखल धुताना सामान आधीच उचलून दिले, त्यांच्याकडे रजिस्टरात वस्तू आणि खोलीत रिकामी जागा अशी अवस्था राहिली.

समितीचा अहवाल, शाळा समितीचा ठराव, कार्यकारी मंडळाचा ठराव आणि अनुदानातील वस्तूंसाठी शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, हा क्रम मी पाळायला सांगतो. परवानगी कोणत्या रकमेपर्यंत कोण देते हे वेळोवेळीच्या आदेशांनी ठरते, म्हणून माझ्या किंवा कोणाच्याही सांगण्यावर न जाता तालुक्याच्या कार्यालयातून चालू आदेशाची प्रत मागून फाइलला लावावी.

आता ऑनलाइन कुठे, हा प्रश्न. केंद्र सरकारच्या जेम (सरकारी ई-बाजारपेठ) पोर्टलवर जुन्या सामानाच्या लिलावाची सोय आहे, पण ती सरकारी खात्यांसाठी आणि सरकारी संस्थांसाठी आहे. खासगी न्यासाच्या शाळेला तिथे विक्रेता म्हणून उतरता येत नाही. एमएसटीसी ही सरकारी कंपनी ई-लिलाव करून देते, त्यासाठी तिच्याशी करार करावा लागतो आणि सेवाशुल्क पडते. बस किंवा मोठ्या इमारतीचे लोखंड असेल तर ते परवडते. साठ बाकांसाठी नाही. जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीची जी नेहमीची संकेतस्थळे आहेत, तिथे लिलाव होतच नाही. तिथे एक जाहिरात असते, काही निरोप येतात आणि एकाशी घासाघीस होते. बाकीच्यांनी किती देऊ केले याचा मागमूस राहत नाही. लेखापरीक्षकासमोर ही खासगी विक्री ठरते. शिवाय पैसे पाठवण्यासाठी म्हणून क्यूआर कोड स्कॅन करायला लावणारे ठग अशाच जाहिरातींच्या मागावर असतात. पैसे घेण्यासाठी कधीही कोड स्कॅन करावा लागत नाही किंवा पिन घालावा लागत नाही, हे लिपिकाला आधीच बजावून ठेवावे.

तुमच्या आकाराच्या शाळेला मी मधला मार्ग सुचवतो. जाहीर सूचना फलकावर, ग्रामपंचायतीत आणि एका स्थानिक दैनिकात द्यावी, तीच फोटोंसह शाळेच्या संकेतस्थळावर ठेवावी, सामान पाहण्यासाठी ठरावीक दिवस द्यावेत आणि बंद लिफाफ्यातून किंवा शाळेच्या अधिकृत ई-मेलवर आलेल्या बोली ठरलेल्या वेळी सर्वांसमोर उघडाव्यात. यामुळे इचलकरंजी, कऱ्हाड, मिरज इथले खरेदीदारही येतात आणि गावातल्या चार जणांनी आधीच ठरवून बोली दाबण्याचा प्रकार कमी होतो. पूर्णपणे थांबतो असे मी म्हणणार नाही, कारण बाहेरचा खरेदीदार टेम्पोचे भाडे धरूनच बोली लावतो आणि स्थानिक मंडळींना ते ठाऊक असते.

केंद्राचे वित्तीय नियम तुमच्यावर बंधनकारक नसले तरी त्यांतल्या दोन गोष्टी उसन्या घेण्यासारख्या आहेत. पहिली, खतावणीतली किंमत, बाजारभावाचा अंदाज आणि हातची किंमत या तिन्ही आधी काढून ठेवायच्या, आणि हातची किंमत लिफाफा उघडेपर्यंत बंद ठेवायची. दुसरी, बोलीसोबत साधारण १० टक्के अनामत घ्यायची आणि उघड लिलाव असेल तर विजेत्याकडून बोलीच्या किमान २५ टक्के रक्कम जागेवरच घ्यायची. अनामत न घेता केलेल्या लिलावात सर्वांत मोठी बोली लावणारा दुसऱ्या दिवशी फोन उचलत नाही, हा अनुभव नवा नाही.

लोखंड, लाकूड आणि ई-कचरा यांचे गट वेगळे करावेत. लोखंड वजनावर द्यावे आणि वजनकाटा कोणता हे अटीत आधीच लिहावे. रिकाम्या व भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दोन्ही पावत्या, काट्यावर शाळेचा माणूस हजर असताना, घ्याव्यात. ‘जसे आहे तसे, जेथे आहे तेथे’ हे वाक्य असावे, तसेच उचलण्याची मुदत, उशीर झाल्यास दंड आणि शाळा भरलेली असताना मैदानात ट्रक आणता येणार नाही ही अटही असावी. विश्वस्त, मुख्याध्यापक, कर्मचारी आणि त्यांचे नातेवाईक यांनी बोली लावू नये हे स्पष्ट लिहावे. विश्वस्तांच्या पुतण्याने सर्वांत जास्त भाव दिला तरी तक्रार येतेच, आणि ती खोडून काढायला त्या जास्तीच्या भावाचा उपयोग होत नाही.

रक्कम बँक खात्यावरच घ्यावी. संस्थेच्या पैशातली वस्तू असेल तर संस्थेच्या खात्यात, शाळेच्या पैशातली असेल तर शाळेच्या, आणि अनुदानातली असेल तर परवानगीपत्रात सांगितलेल्या ठिकाणी ती जमा व्हावी. आयकर कायद्यानुसार एका व्यवहारात २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख घेता येत नाहीत; मी तर शाळेला अजिबातच रोख न घेण्याचा सल्ला देतो. वस्तू आणि सेवा कराबाबत शिक्षणसंस्थांचा एक गैरसमज असा की, फी करमुक्त असल्याने आपला या कराशी संबंधच नाही. जुने सामान विकणे हा मालाचा पुरवठा आहे आणि एकूण उलाढाल मोजताना करमुक्त उत्पन्नही धरले जाते. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या विक्रेत्याकडून नोंदणीकृत खरेदीदाराने धातूचे भंगार घेतले तर कर खरेदीदाराने भरायचा असतो, त्यामुळे पत्रे-अँगलच्या बाबतीत बोलीदाराचा नोंदणी क्रमांक आधीच मागून घ्यावा. संस्थेची स्वतःची स्थिती काय, हे सनदी लेखापालांकडून एका पत्रावर लिहून घ्यावे. ते पत्र तुमच्या फाइलमधल्या बाकी कागदांइतकेच उपयोगी पडेल.

विक्री झाली की डेडस्टॉक रजिस्टरात त्या वस्तूसमोर ठरावाचा क्रमांक, तारीख, मिळालेली रक्कम आणि पावती क्रमांक लिहून मुख्याध्यापकांनी सही करावी. बोली हरलेल्यांचे लिफाफेही जपून ठेवावेत, कारण लेखापरीक्षक आधी तेच मागतात. आणि हातच्या किमतीला कोणीच बोली लावली नाही, जे पावसाळ्यात लोखंडाचा भाव पडलेला असताना सहज घडते, तर त्याच दिवशी, त्याच टेबलावर किंमत उतरवून सामान देऊन टाकू नये. लिलाव रद्द झाल्याचा शेरा लिहून, समितीकडून नवा अंदाज घेऊन, नव्या ठरावाने हातची किंमत कमी करावी आणि सूचना पुन्हा द्यावी.